पुढच्या डिसेंबरातही टिकतील अशा नाताळच्या घरगुती प्रथा: मुलांसोबत सुरुवात कशी करावी

पाच-सहा वर्षांच्या मुलाला मागच्या नाताळात काय भेट मिळाली होती असं विचारलं, तर बऱ्याचदा ते गोंधळतं. पण झाडाच्या टोकावर चांदणी लावायला कोणी उचललं होतं, मेणबत्तीवर फुंकर मारायची पाळी कोणाची होती, हे ते ठासून सांगतं आणि यंदा आपला नंबर असल्याचंही बजावतं. घरगुती प्रथा सुरू करायची म्हणजे मुलांच्या याच स्वभावाला हाताशी धरायचं. त्याला पैसा फारसा लागत नाही. सजावटीची हौस बेताची असली तरी चालतं. ठरवलेली गोष्ट पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही वर्षी करता आली पाहिजे, ही अट मात्र कडक आहे.

बहुतेक घरं इथेच अडकतात. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात दहा गोष्टी सुरू होतात, दुसऱ्या वर्षी त्यातल्या चार उरतात आणि तिसऱ्या वर्षी आई-बाबांना डिसेंबरची धास्ती वाटू लागते. म्हणून खाली सुचवलेलं सगळं करू नका. दोन किंवा फार तर तीन गोष्टी उचला आणि बाकीच्या खुशाल सोडून द्या.

आधी घरात विचारा, मग ठरवा

नोव्हेंबरच्या मध्यावर एखाद्या निवांत संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना तीन प्रश्न विचारा. लहानपणीच्या सणातलं काय अजून आठवतं? मागच्या नाताळात कशाची खरी मजा आली? आणि कशाचा वैताग आला? तिसरा प्रश्न विचारायला लोक कचरतात, पण उपयोगाची उत्तरं तिथेच मिळतात. नातेवाइकांकडची धावपळ, भेटवस्तूंच्या कागदांचा ढीग, रात्री अकरापर्यंत ताटकळलेली आणि शेवटी रडून झोपलेली मुलं, हे सगळं त्यातून वर येतं. नवीन काही सुरू करण्याआधी त्यातलं एक काहीतरी कमी करा. जागा मोकळी झाल्याशिवाय नवी प्रथा बसत नाही.

दोघं पालक वेगवेगळ्या वळणाच्या घरांतून आलेले असतील तर हे बोलणं डिसेंबर लागण्याआधीच झालेलं बरं. एकाच्या घरी भेटी २४च्या रात्री उघडत, दुसऱ्याच्या घरी २५च्या सकाळी. एकाला मध्यरात्रीच्या उपासनेशिवाय नाताळ वाटत नाही, तर दुसऱ्याच्या लहानपणी नाताळ नव्हताच. यात कोणाचं बरोबर, हा वाद निष्फळ आहे. प्रत्येकाकडून एकेक गोष्ट घ्या आणि तिसरी दोघांनाही नवी असेल अशी निवडा. ही तिसरी गोष्टच पुढे ‘आपल्या घरची’ ठरते.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवून टाका. हा सण तुमच्या घरात येशूच्या जन्माचा सण म्हणून साजरा होणार आहे की वर्षाअखेरीचा आनंदाचा, एकत्र येण्याचा सण म्हणून? घरोघरी याचं उत्तर वेगळं असतं. पण मुलं कधीतरी विचारणारच, ‘हे आपण का करतो?’ तेव्हा दोघांनी देण्याजोगं एका वाक्यातलं उत्तर तयार असावं. आई एक सांगते आणि बाबा दुसरंच, असं झालं की मुलं ते बरोबर पकडतात.

निवडीची चाळणी

प्रत्येक कल्पना या प्रश्नांतून गाळून घ्या. घरातला एक मोठा माणूस आजारी किंवा कामावर असेल तरी ती करता येईल का? घर बदललं, गाव बदललं तरी चालेल का? पैशाची तंगी असलेल्या वर्षीही जमेल का? आणि त्यात मुलाच्या हाताला काम आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मुलं नुसती बघत बसतात तो कार्यक्रम असतो. ज्यात त्यांचं ठरलेलं काम असतं, त्याची आठवण तीच पुढच्या वर्षी करून देतात.

साधारणपणे एक प्रथा वाट पाहण्याची, एक २४च्या रात्रीची आणि एक दुसऱ्याला काही देण्याची, अशी वाटणी केली तर महिना रिकामाही जात नाही आणि अंगावरही येत नाही.

वाट पाहणं: इथे सगळ्यांत जास्त लक्ष द्या

लहान मुलांचा नाताळ २५ तारखेला नसतो, तो त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत असतो. चर्चच्या दिनदर्शिकेत या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. तो नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान सुरू होतो. प्रथा रुजवायला हा काळ उत्तम, कारण एकच छोटी कृती पुन्हा पुन्हा करायला मिळते. वर्षातून एकदाच होणारी गोष्ट तीन वर्षांच्या मुलाला आठवत नाही, पण एका महिन्यात चारदा झालेली लक्षात राहते.

आज जगभर दिसणाऱ्या आगमनकाळाच्या मेणबत्त्यांची सुरुवातही मुलांच्या भुणभुणीतूनच झाली असं सांगतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग इथे योहान हिनरिख विखर्न हे पाद्री निराधार मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ किती दिवसांवर आला, म्हणून मुलं त्यांना रोज भंडावून सोडत. १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एकेक पेटवायला सुरुवात केली. ही रीत पुढे घराघरांत गेली तेव्हा मात्र रोजच्या लाल मेणबत्त्या गळाल्या आणि फक्त रविवारच्या चार उरल्या. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. आश्रमात, जिथे मुलं पुष्कळ आणि उत्साह त्याहून जास्त, तिथे रोजची मेणबत्ती चालली. घरात चारच टिकल्या. तुम्हीही चारपासूनच सुरुवात करा.

कृती सोपी आहे. एक पसरट ताटली घ्या, तिच्यात वाळू किंवा ओली माती भरा, चार जाड मेणबत्त्या घट्ट रोवा आणि भोवती हिरव्या फांद्या लावा. काही चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असते, गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते. पण एका रंगाच्या चार असल्या तरी हरकत नाही. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही लावायच्या. वेळ ठरलेली ठेवा. जेवणाआधीची ठेवली तर सगळे आपोआप एकत्र सापडतात. खोलीतले दिवे मालवा. मग पाच मिनिटं, जास्त नाही: एखादं नाताळगीत, शुभवर्तमानातल्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या) दोन-चार ओळी किंवा ‘या आठवड्यात काय चांगलं झालं’ हे प्रत्येकाने सांगणं. पेटवणारा एक, विझवणारा एक, आणि पुढच्या रविवारी अदलाबदल. दोनहून जास्त मुलं असतील तर पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावाच, नाहीतर ‘शांत रात्र’ भांडणात जाते.

ओल्या फांद्या चौथ्या आठवड्यापर्यंत वाळून कोळ होतात, तेव्हा त्या मध्ये एकदा बदला आणि ज्योतीपासून लांब ठेवा. मोठं माणूस खोलीत नसताना मेणबत्ती पेटती ठेवू नका. अगदी लहान मूल असेल तर बॅटरीवरची मेणबत्ती वापरा, मात्र तिच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं असू द्या. नाण्यासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.

दुसरा प्रकार दिवस मोजण्याचा. रोज एक कप्पा उघडून आतलं चॉकलेट काढायचं, अशी छापील कॅलेंडरं येण्याच्या पुष्कळ आधी जर्मनीतली कुटुंबं दारावर खडूने २४ रेघा ओढत आणि मुलं रोज एक रेघ पुसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी असं कॅलेंडर छापून विकायला आणलं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईने पुठ्ठ्यावर २४ गोड खाऊ लावून दिले होते, ती आठवण त्यामागे होती. खडूच्या रेघा आजही चालतात, आणि रेघ पुसण्यात जो आनंद आहे तो चॉकलेट काढण्यात नाही, असं माझं मत आहे. पुसायचं कोणी, एवढाच प्रश्न उरतो.

खाऊऐवजी रोज एका छोट्या कृतीची चिठ्ठी काढायची असेल तर चिठ्ठ्या लिहिताना घरचं वेळापत्रक समोर ठेवा. परीक्षा, उशिराचं काम, प्रवास अशा दिवशी हलकी चिठ्ठी: ‘आज मेणबत्तीच्या उजेडात जेवायचं’, ‘आज झोपताना गोष्ट दोनदा’. मोकळ्या दिवशी जरा मोठी: ‘आज आजी-आजोबांना फोन करून त्यांच्या लहानपणचा एक किस्सा विचारायचा’, ‘आज एक खेळणं दुसऱ्या मुलासाठी निवडायचं’. चोवीसही चिठ्ठ्या मोठ्या लिहिल्या तर दहा तारखेच्या आसपास दम निघतो. वाचनाची आवड असलेल्या घरांसाठी आणखी एक सोय आहे: लूककृत शुभवर्तमानात बरोबर २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की २४ला ते पूर्ण होतं. मोठ्या मुलांना हे झेपतं. लहानांना पहिले दोन अध्यायच पुरेत, कारण जन्माची कथा तिथेच आहे.

रोज रात्री मुलं झोपल्यावर एखाद्या बाहुलीची जागा बदलायची आणि सकाळी तिने काय खोड्या केल्या ते दाखवायचं, असाही एक खेळ हल्ली बराच चालतो. मी तो सुचवणार नाही. सगळं काम पालकाचं, मुलाने फक्त बघायचं, आणि एका रात्री विसरलात तर सकाळी रडारड. त्यातच ती बाहुली ‘तुझ्यावर लक्ष ठेवते’ असं सांगितलं की खेळाची पाळत होते.

गोठा आणि त्यातली हलती माणसं

मुलांच्या हाताला सर्वाधिक काम देणारी प्रथा कोणती, असं विचाराल तर मी गव्हाणीच्या देखाव्याकडे बोट दाखवेन. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गवताने भरलेली गव्हाणी मांडून, खरा बैल आणि खरं गाढव आणून येशूजन्माचा प्रसंग लोकांसमोर उभा केला. घराघरांतले देखावे त्याच परंपरेतले. मूर्ती विकत घ्यायलाच हव्यात असं नाही. मातीच्या, कापडाच्या, कागदी नळ्यांच्या चालतात, आणि मुलांनी केलेलं बेढब गाढव दहा वर्षांनी सगळ्यांत मोलाचं ठरतं. मात्र तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर तोंडात मावतील इतक्या छोट्या मूर्ती नकोत.

देखावा एका दिवसात मांडून टाकला की मुलांच्या दृष्टीने तो संपला. तो महिनाभर हलता ठेवा. पहिल्या आठवड्यात फक्त रिकामा गोठा आणि जनावरं. दुसऱ्या आठवड्यात मेंढपाळ आणि मेंढरं, पण गोठ्यापासून लांब. मरिया आणि योसेफ, म्हणजे येशूचे आई-वडील, घराच्या दुसऱ्या टोकाला, समजा पुस्तकांच्या कपाटावर ठेवायचे आणि मुलांनी त्यांना रोज थोडं थोडं बेथलेहेमच्या दिशेने सरकवायचं. मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री लोक मरिया-योसेफाच्या मुक्काम शोधण्याचा प्रसंग दारोदार जाऊन करतात, तीच कल्पना घराच्या आत आणता येते. बाळ येशूची मूर्ती २४च्या रात्रीपर्यंत दडवून ठेवायची. ती गव्हाणीत ठेवण्याचा मान घरातल्या सगळ्यांत धाकट्याचा.

आणि बाळासाठी भेटी घेऊन येणारे तीन राजे? त्यांना घाई नाही. मेंढपाळ आणि गव्हाणी ही लूकच्या कथेतली, तारा आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, म्हणजे हेच राजे, मत्तयकृत शुभवर्तमानातले. ते किती जण होते हे मत्तय सांगतच नाही, तीन भेटींवरून तिघं मानले गेले. त्यांचा सण ६ जानेवारीला येतो. तेव्हा २५ तारखेनंतर त्यांना लांबच्या खोलीतून निघू द्या. त्यामुळे २६ डिसेंबरचा रितेपणा टळतो. मुलांना तो फार जाणवतो आणि मोठ्यांना तो दिसतही नाही.

गव्हाणीला जोडून एक जुनी रीत आहे. कोणासाठी काही चांगलं केलं की एक गवताची काडी गव्हाणीत टाकायची, म्हणजे बाळासाठी बिछाना मऊ होत जातो. एक पथ्य पाळा: काड्या मोजायच्या नाहीत आणि कोणाच्या किती हे विचारायचं नाही.

झाड: दरवर्षी एकच नवी वस्तू

झाडाबद्दल फार सांगायला नको, मुलं स्वतःच नाचून ते उभं करून घेतात. इंग्लंडमध्ये १८४८ साली राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचं चित्र एका साप्ताहिकात छापून आलं आणि तिथे झाडाची फॅशन पसरली. त्या चित्रातही मुलंच पुढे आहेत. झाड खरं असो, कृत्रिम असो की भिंतीवर चिकटवलेल्या फांद्यांचं असो, प्रथा बनते ती त्यावर टांगायच्या वस्तूंची. दरवर्षी प्रत्येक मुलाच्या नावाची एक वस्तू वाढवा आणि मागे वर्ष लिहा. मूल मोठं होऊन घराबाहेर पडेल तेव्हा हा डबा त्याच्यासोबत जाईल.

ही वस्तू घरीच करता येते. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि सुमारे १ वाटी पाणी घेऊन घट्ट मळा. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून आकार कापा किंवा बाळाच्या हाताचा ठसा घ्या. वाळण्याआधीच स्ट्रॉने दोऱ्यासाठी भोक पाडा, नंतर पाडायला गेलात तर तडकतं. ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास, नाहीतर हवेशीर जागी काही दिवस, अधूनमधून उलटत वाळवा. मग रंग द्या. ओल सुटली तर मीठ पाझरतं, म्हणून पूर्ण सुकल्यावर वॉर्निशचा हात द्या. घरात कुत्रा असेल तर हे त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, इतकं मीठ त्याला घातक आहे.

झाड खरं असेल तर पाणी रोज घाला. हे काम सहा-सात वर्षांच्या मुलाला देण्याजोगं आहे. मग खाली भेटी ठेवण्याची जागाही तेच राखतं.

२४च्या संध्याकाळचा क्रम

२४ आणि २५ यांतला एकच दिवस मुख्य ठरवा. दोन्ही मुख्य करायला गेलं की मोठे दमतात आणि मुलं चिडचिडी होतात. मला २४ची संध्याकाळ सोयीची वाटते, कारण काळोख आयताच मिळतो आणि पाहुण्यांची वर्दळ सुरू झालेली नसते.

क्रम ठरवताना झोपेच्या वेळेपासून मागे मोजत या. मुलं साडेआठला झोपत असतील तर सातच्या आत जेवण सुरू व्हायला हवं. पोलंडमध्ये २४च्या जेवणाला आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर बसतात, आणि ती शोधायचं काम मुलांचं असतं. हे मला फार आवडतं: स्वयंपाकघरात गर्दी असते त्याच वेळी मुलं खिडकीशी गुंतलेली राहतात. तिथे टेबलावर एक जादा ताटही मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. दोन्ही गोष्टींना खर्च शून्य.

जेवणात एक पदार्थ असा ठेवा, जो वर्षभरात फक्त याच दिवशी होतो आणि ज्याला मुलांचा हात लागलेला असतो. इंग्लंडमध्ये आगमनकाळाआधीच्या रविवारी नाताळच्या पुडिंगचं मिश्रण घरातला प्रत्येकजण पाळीपाळीने ढवळतो आणि मनात एक इच्छा धरतो. पदार्थ कोणताही असो, ढवळणं आणि इच्छा एवढं उचललं तरी झालं. बाकीचं जेवण साधं असू द्या. मुलं त्या रात्री तसंही धड जेवत नाहीत.

जेवणानंतर दिवे कमी करा, बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवा, एक गीत म्हणा, आणि प्रत्येकाला एकच भेट उघडू द्या. ही भेट पुस्तक असेल तर रात्र आपोआप शांत होते. आइसलँडमध्ये २४च्या रात्री पुस्तकं देऊन वाचत बसण्याची रीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे इतर मालाच्या आयातीवर निर्बंध होते, कागद मात्र तुलनेने सहज मिळे, त्यातून ती वाढली. अक्षरओळख नसलेल्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. मध्यरात्रीच्या उपासनेला जायचं असेल तर लहानांना दुपारी झोपवा, किंवा बऱ्याच चर्चमध्ये मुलांसाठी लवकरची उपासना असते, ती गाठा.

भेटी आणि सांताक्लॉज

भेटींबाबत बऱ्याच घरांनी चाराची मर्यादा पाळलेली आहे: एक हवीहवीशी, एक गरजेची, एक अंगात घालायची, एक वाचायची. ती चांगली आहे, फक्त आजी-आजोबा, मामा-आत्या यांनाही आधीच सांगून ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भेटी एकामागून एक उघडणं. सगळ्यांत धाकट्यापासून सुरुवात, एक जण उघडतो आणि बाकीचे बघतात. दहा मिनिटांत संपणारा गोंधळ तासभर पुरतो. मुलांनीही भावंडाला आणि आई-बाबांना काहीतरी द्यायचं, स्वतः केलेलं. शुभेच्छापत्रंही याच हिशेबात. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना इतक्या लोकांना पत्रं लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेऊन छापलं. मुलाचं एक चित्र काढून घ्या, त्याच्या प्रती करा, खाली सही त्याची.

सांताक्लॉजचं मूळ संत निकोलस. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा इथले ते बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या थैल्या घरात टाकल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचा दिवस ६ डिसेंबर. युरोपात अनेक ठिकाणी मुलं आदल्या रात्री बूट ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. २५ तारखेला घरात फार गर्दी होत असेल तर हा दिवस तुमच्यासाठी राखा. छोटी भेट, ती दिल्यावर निकोलसची गोष्ट, एवढंच.

सांताचं नाव धमकीसाठी वापरू नका. ‘असं वागलास तर सांता येणार नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा खोटं ठरतं, कारण भेट तुम्ही आधीच आणून ठेवलेली असते आणि ती द्यायचीच असते. महागडी भेट सांताच्या नावावर नको, छोटी चालेल. वर्गातल्या दुसऱ्या मुलाला सांताने कमी का दिलं, या प्रश्नाला उत्तर नसतं.

‘सांता खरा असतो का?’ हे मूल विचारेल तेव्हा आधी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा. त्याला अजून विश्वास ठेवायचा असेल तर ते स्वतःच कारणं देतं. खरंच जाणून घ्यायचं असेल तर नजर रोखून पुन्हा विचारतं, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर खोटं बोलू नये. तेव्हा निकोलसची गोष्ट सांगा आणि त्याला पुढची नेमणूक द्या: या वर्षी तू कोणासाठी तरी गुपचूप सांता व्हायचं, नाव न सांगता. धाकट्या भावंडासाठी, शेजारच्या आजोबांसाठी, कोणासाठीही. ज्या मुलाला हे काम मिळतं त्याचा विरस फार काळ राहत नाही.

दुसऱ्याला देण्याची प्रथा

इथे एकच सूचना: देणं मुलाच्या डोळ्यांसमोर आणि त्याच्या हातून व्हावं. पालकाने फोनवरून पैसे पाठवले तर ते चांगलंच काम आहे, पण मुलाला त्यातलं काही दिसत नाही. दर वर्षी एकच जागा किंवा एकच माणूस ठरवा. एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याला स्वतः केलेला खाऊ, सुट्टी नसलेल्या सुरक्षारक्षकाला गरम चहा आणि कार्ड. एकाच दारी तीन वर्षं गेलं की तिथलं माणूसही वाट बघू लागतं. खेळणी द्यायची तर चालू स्थितीतली, पुसून स्वच्छ केलेली. मोडकी खेळणी देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या घरी नेणं.

अडचणीची वर्षं

पालक वेगळे राहत असतील तर ‘२५ तारीख कोणाची’ या ओढाताणीत पडण्यापेक्षा दोन घरांच्या दोन वेगळ्या प्रथा ठेवा. एका घरी रविवारच्या मेणबत्त्या आणि ६ डिसेंबरचे बूट, दुसऱ्या घरी २४ची चांदणी. तीच गोष्ट दोन्हीकडे केली की मुलं तुलना करतात. २५ला ज्यांची ड्युटी असते त्यांनी सगळं ६ जानेवारीला केलं तरी बिघडत नाही. बऱ्याच ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत तर नाताळच ७ जानेवारीला असतो. लहान मुलाला तारखेपेक्षा क्रम कळतो.

घरातलं कोणी गेलं असेल त्या वर्षी मुलांना विचारा, काय करायचं आणि काय नको. मोठी माणसं त्यांच्या नावाखाली परस्पर सगळंच रद्द करतात किंवा काहीच झालं नाही असं दाखवतात. मुलं बहुतेकदा मधलं काहीतरी मागतात: आजोबांची मेणबत्ती लावायची, पण त्यांची खुर्ची कोणी घ्यायची नाही. किंवा उलट, ती खुर्ची आपल्यालाच हवी.

बारा-तेरा वर्षांची मुलं ‘हे बालिश आहे’ म्हणू लागतात. तेव्हा प्रथा सोडू नका, त्यांचं काम वाढवा. दिव्यांच्या माळांची जोडणी, गाण्यांची निवड, एक संपूर्ण पदार्थ, धाकट्यांसाठी चिठ्ठ्या लिहिणं. चिठ्ठ्या लिहायला बसलेला तेरा वर्षांचा मुलगा स्वतःला आवडायच्या त्याच गोष्टी त्यात लिहितो, हे मी पाहिलं आहे.

जानेवारीचं काम

सजावट उतरवताना एक वही घ्या. यंदा काय केलं, कशाला कंटाळा आला, कोणी कधी रडलं, कोणता पदार्थ उरला, मेणबत्ती विझवायची पाळी शेवटी कोणाची होती. एक पान पुरे. मुलांना एक चित्र काढू द्या. ज्या गोष्टीबद्दल कोणी काहीच बोलत नाही ती पुढच्या वर्षी गाळा, कितीही सुंदर असली तरी. नवी गोष्ट वाढवायची तर एकच, आणि तीही मुलांनी मागितली तर.

दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, म्हणजे गुंता होत नाही. नाजूक वस्तू अंड्यांच्या खोक्यात ठेवा. मेणबत्त्यांच्या उरलेल्या बुडख्या फेकू नका, पुढच्या वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी नवी मेणबत्ती त्यांच्यावरून पेटवता येते. डब्यावर मुलांची नावं मोठ्या अक्षरांत लिहा आणि वही सगळ्यांत वर ठेवा. नोव्हेंबरमध्ये डबा उघडल्यावर आधी तीच वाचायची आहे.